तालीम, तमाशा आणि प्रतिसरकार

जिल्ह्यातील थोर व्यक्तींची यादी करायची म्हटली की आपण तीन रकाने आखतो. पहिल्यात स्वातंत्र्यसैनिक, दुसऱ्यात साहित्यिक, तिसऱ्यात खेळाडू. शाळेच्या भिंतीवर अशीच यादी रंगवलेली असते आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातही ती तशीच छापलेली असते. पाठांतराला ही पद्धत सोयीची आहे, पण तिच्यामुळे ही माणसे घडली कशी ते कळत नाही. निदान जुन्या सातारा जिल्ह्यात तरी हे तीन रकाने कधीच वेगळे नव्हते.

जुना सातारा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे. १९४९ मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. आसपासची छोटी संस्थानेही त्याच सुमारास या जिल्ह्यांत विलीन झाली. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. नकाशावर कराड मध्यभागी धरून चाळीस-पन्नास किलोमीटरचा फेरा आखला, तर त्यात कोण कोण येते ते पाहा. क्रांतिसिंह नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र, अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव, खाशाबा जाधवांचे गोळेश्वर, यशवंतराव चव्हाणांचे देवराष्ट्रे, नागनाथअण्णा नायकवडींचे वाळवा आणि तुफान सेनेचे कुंडल. कृष्णा आणि तिला मिळणाऱ्या कोयना, वारणा, येरळा या नद्यांच्या खोऱ्यातली ही गावे एकमेकांच्या जत्रेला जाणारी, एकमेकांत सोयरीक करणारी. ज्या गावाने भूमिगतांना भाकरी दिली त्याच गावाने पैलवानाला खुराक दिला आणि शाहिराला श्रोते दिले. या प्रकरणात ती सारी माणसे एकत्र पाहायची आहेत.

तलाठ्याची नोकरी सोडणारा माणूस

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म १९०० सालचा. तलाठ्याच्या नोकरीत असल्याने गावगाडा त्यांनी आतून पाहिला होता. सारा कोण भरू शकतो आणि कोण नाही, कुळाची जमीन सावकाराकडे कशी जाते, लग्नाच्या कर्जात घर कसे बुडते, हे त्यांना कागदावरून आणि माणसांच्या तोंडून ठाऊक होते. १९३० साली कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी शिराळ्याजवळच्या बिळाशी गावाने जंगल सत्याग्रह केला. पुढच्या दहा-बारा वर्षांत नानांनी अनेकदा तुरुंगवास भोगला आणि प्रत्येक वेळी सुटून आल्यावर गावोगाव सभा घेतल्या.

त्यांच्या भाषणांची ताकद सत्यशोधक परंपरेतून आली होती. साताऱ्याच्या खेड्यांत सत्यशोधक जलशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शेतकऱ्यांपर्यंत नवा विचार पोचवला होता. तमाशाचा साचा घ्यायचा, गणगौळणीच्या जागी शिक्षणाचा, कर्जबाजारीपणाचा आणि जातिभेदाचा विषय मांडायचा, अशी त्यांची रीत होती. त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला राजकारण प्रथम भेटले ते ढोलकी-तुणतुण्यासोबत. नाना पाटलांची रांगडी, घरगुती भाषा त्याच श्रोत्यांच्या ओळखीची होती. म्हणून त्यांच्या सभांना बायाबापड्यांसह गावेच्या गावे लोटत.

याच भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालू केले. कर्मवीरांनी तरुणपणी कोल्हापुरात कुस्तीचा नाद केला होता. एकत्र शिकणारी, एकत्र जेवणारी आणि अंगमेहनत करणारी खेड्यातली मुले हे त्यांचे स्वप्न होते. पुढे चळवळीला कार्यकर्ते मिळाले ते अशाच मुलांतून.

बेचाळीसचे मोर्चे

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि पुढारी पकडले गेले. साताऱ्यात लोकांनी स्वतःच कार्यक्रम ठरवला. तालुक्याच्या कचेरीवर निःशस्त्र मोर्चा न्यायचा, तिरंगा लावायचा आणि ब्रिटिश अंमल संपल्याचे जाहीर करायचे. २४ ऑगस्टला कराडवर बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला. पाठोपाठ पाटण झाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला.

९ सप्टेंबरला वडूजला मात्र पोलिसांनी गोळीबार केला. वडगावचे परशुराम घार्गे झेंडा हाती घेऊन पुढे होते. ते आणि त्यांच्यासोबतचे सत्याग्रही तिथे हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथे विष्णू बारपटे आणि उमाशंकर पंड्या यांना वीरमरण आले. पंड्या हे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्यातला शिकलेला तरुण शेतकऱ्यांच्या मोर्चात पुढे होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या दोन गोळीबारांनंतर मोर्चे थांबले आणि तरुण भूमिगत झाले. १९४३ पासून 'प्रतिसरकार' उभे राहिले. लोकांनी त्यालाच 'पत्री सरकार' म्हटले. नाना पाटील त्याचे सर्वमान्य नेते होते. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसनवीर, बाबूजी पाटणकर असे अनेक कार्यकर्ते आपापल्या भागात गट चालवत.

सरकार चालवणे म्हणजे काय

प्रतिसरकारची आठवण काढताना आपण रेल्वे आणि खजिन्यावरील छाप्यांपाशी थांबतो. ते पराक्रम मोठे होतेच. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाने, म्हणजे तुफान सेनेने, शेणोली स्टेशनाजवळ पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. त्यात सुमारे साडेपाच लाख रुपये हाती लागले. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या वेळी अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव यांनी प्राण गमावले आणि दादांच्या खांद्यात गोळी घुसली. नागनाथअण्णा १९४४ मध्ये साताऱ्याच्या तुरुंगातून निसटले.

याहून कठीण काम मात्र गावात चालले होते. सरकारी कोर्टकचेरीला पर्याय म्हणून गावोगाव न्यायदान मंडळे बसली. बांधाचे तंटे, सावकारी देणी, बायकांवरील अन्याय यांचे निवाडे तिथे झाले. हुंडा, मानपान आणि वाजंत्रीचा खर्च टाळून 'गांधी पद्धतीची' लग्ने लावली गेली, त्यामुळे मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकण्याची पाळी टळली. दारूबंदी आणि ग्रंथालये हीही कामे झाली. दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांना कठोर शारीरिक शिक्षा दिल्या गेल्या. त्यांतील काही शिक्षांवर तेव्हाही वाद होता आणि तो वाद इतिहासात नोंदवलाच पाहिजे. तरीही ब्रिटिशांचे राज्य शिरावर असताना शेतकऱ्यांच्या मुलांनी शेकडो गावांत जवळपास तीन वर्षे आपला कारभार चालवला, ही भारतीय स्वातंत्र्यलढ्यातली दुर्मीळ गोष्ट आहे.

या कारभाराचा कणा होत्या स्त्रिया. रात्री-अपरात्री आलेल्या अनोळखी तरुणांना जेवू घालणे म्हणजे तुरुंगाला निमंत्रण होते. घराघरातून ते धाडस झाले. नाना पाटलांची कन्या हौसाताई स्वतः कार्यकर्त्या होत्या. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर एका सहकाऱ्याने हौसाताईंना मारहाण करण्याचे सोंग केले. सोडवायला पोलीस बाहेर आले, तेवढ्यात इतरांनी आतली हत्यारे उचलली. सोंग खरे वाटावे म्हणून हौसाताईंनी मार मात्र खराच खाल्ला. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, तसेच नावे कुठेच न नोंदलेल्या कितीतरी बायका या लढ्यात होत्या. २०२१ मध्ये हौसाताईंचे निधन झाले तेव्हा पंचाण्णव वर्षांचा एक जिवंत दस्तऐवज आपण गमावला.

औंधचा राजा आणि कुंडलचे रान

भूमिगतांना कुंडल सोयीचे का ठरले, याचे उत्तर नकाशात आहे. कुंडल हे औंध संस्थानातले गाव. बहात्तर गावांचे हे संस्थान सलग नव्हते, ब्रिटिश मुलखात त्याचे तुकडे विखुरलेले होते. ब्रिटिश पोलिसांना तिथे थेट कारवाई करणे अवघड जाई. शिवाय औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे वेगळ्याच वृत्तीचे होते. त्यांनी १९३९ साली संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. पोलिश इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत यांनी त्यासाठी मेहनत घेतली. ग्रामपंचायत हा त्या कारभाराचा पाया होता. पुढे प्रतिसरकारने जे गावराज्य उभे केले, त्याची तोंडओळख इथल्या काही गावांना आधीच झाली होती.

हेच बाळासाहेब सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. स्वतः रोज नमस्कार घालत, त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानाच्या शाळांतून मुलांकडून ते घालून घेतले. चित्रकला, कीर्तन आणि ग्रंथनिर्मिती यांतही त्यांना तेवढाच रस. त्यांनीच दिलेल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला आणि किर्लोस्करवाडी वसली. तिथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाचे वाचन घडवले. लोखंडी नांगर, मराठी मासिके आणि उमाशंकर पंड्यांसारखा हुतात्मा ही सारी एकाच वसाहतीची देणगी.

औंध संस्थानाच्या आटपाडी भागाने, म्हणजे माणदेशातल्या मुलखाने, मराठी साहित्याला जे दिले, त्याला तोड नाही. ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमा यांचा जन्म १९१९ साली शेटफळ्याला झाला. शालेय वयातली काही वर्षे त्यांनी कुंडल आणि औंधला काढली. पुढे त्यांचे 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर ऐकवले गेले. छप्पन्न गीतांचा तो क्रम आणि सुधीर फडके यांचे संगीत मराठी घरांत कायमचे वस्तीला आले. गदिमांच्या भाषेतला गोडवा जितका ओवी-अभंगांचा आहे, तितकाच माणदेशी बोलीचा आहे.

आटपाडीजवळच औंध सरकारने स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. बेड्या आणि गजांविना शिक्षा भोगणारे कैदी तिथे शेती करत. गदिमांनी त्या प्रयोगावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. संस्थानिकाचा राजकीय प्रयोग माणदेशी लेखकाच्या लेखणीतून जगभरच्या पडद्यावर गेला, तो असा.

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर शाळकरी वयातच बेचाळीसच्या चळवळीत उतरले आणि भूमिगत झाले. शाळा सुटली ती सुटलीच. त्या भटकंतीत पाहिलेली माणसे पुढे १९४९ च्या 'माणदेशी माणसे'मध्ये आली. १९५५ मध्ये 'बनगरवाडी' प्रसिद्ध झाली. मेंढपाळांच्या वाडीवर आलेला एक तरुण मास्तर, त्याने लोकांना जमवून बांधलेली तालीम आणि तिच्या उद्घाटनाला आलेले औंधचे राजे, हा त्या कादंबरीतला आनंदाचा कळस आहे. नंतर दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. या मुलखातल्या गावाला आपले गावपण सिद्ध करायचे तर तालीम बांधावी वाटते, हे माडगूळकरांनी नेमके टिपले. या प्रकरणाचा सारा आशय त्या एका प्रसंगात आहे.

वाटेगावचा शाहीर

ही कथा इथवर गोड वाटली, तरी तिची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. गावाची तालीम, गावाची शाळा, गावाचा पाणवठा साऱ्यांचा सारखा नव्हता. वाटेगावच्या मातंग वस्तीत १९२० साली तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. हेच आपले अण्णाभाऊ. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. जातीमुळे झालेल्या अपमानाने शाळेचे दार बंद झाले. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या समाजावर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला होता आणि हजेरीचा जाच लादला होता.

पोट भरण्यासाठी हे कुटुंब पायी मुंबईला गेले. अण्णाभाऊंनी कोळसा वेचला, हमाली केली, गिरणीत काम केले आणि दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरे शिकली. मुंबईत त्यांना लाल बावट्याची चळवळ भेटली. गावी परतल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते रमले. मग याच तमाशाला त्यांनी लोकनाट्याचे रूप दिले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. वगनाट्ये आणि पोवाडे घेऊन हे पथक गिरणगावापासून खेड्यापाड्यांपर्यंत फिरले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच आवाज अग्रभागी होते.

१९५९ साली 'फकिरा' ही कादंबरी आली. वारणेच्या खोऱ्यातल्या, दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजांशी झुंजलेल्या मातंग वीराची ही कथा. अण्णाभाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. प्रतिसरकारच्या इतिहासाला 'फकिरा'ची जोड दिल्याशिवाय या भागातला ब्रिटिशविरोध पूर्णपणे समजत नाही. बेचाळीसच्या आधी कितीतरी वर्षे इथल्या दलित आणि रामोशी वस्त्या इंग्रजांशी लढत होत्या. त्या लढ्याला तेव्हा कोणी स्वातंत्र्यलढा म्हटले नाही. अण्णाभाऊंनी त्याला त्याची जागा मिळवून दिली.

आटपाडीचे शंकरराव खरात यांनीही आपल्या समाजाचे जगणे साहित्यात आणले. गावकीची कामे करणाऱ्या महार कुटुंबात १९२१ साली जन्मलेला हा मुलगा औंधच्या शाळेत शिकला, आंबेडकरी चळवळीत घडला, वकील झाला आणि मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. 'तराळ-अंतराळ' या आत्मचरित्रात त्यांनी तराळकीपासून कुलगुरुपदापर्यंतचा प्रवास सांगितला. १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका दुष्काळी तालुक्याने दोन माडगूळकर आणि एक खरात दिले, यात त्या तालुक्याचे मोठेपण आहेच. त्याच तालुक्याने खरातांना काय सोसायला लावले, हेही त्यांच्याच पुस्तकातून वाचले पाहिजे.

गोळेश्वरचा पैलवान

कराडला लागून असलेल्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, घरातच वस्ताद. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत लहान. पहाटेच्या जोर-बैठका, तालमीतली लाल माती, जत्रेतल्या इनामी कुस्त्या यांत ते वाढले. अंगाने ते धिप्पाड नव्हते. चपळाई आणि डावांचे ज्ञान ही त्यांची पुंजी. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

१९४२ साली खाशाबा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होते. शाळकरी खाशाबांनी भूमिगतांना आसरा देण्यात आणि पत्रके वाटण्यात भाग घेतला. म्हणजे ज्या खेळाडूला आपण तिसऱ्या रकान्यात टाकतो, त्याचे नाव पहिल्या रकान्यातही यायला हवे.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. मातीत वाढलेल्या या पैलवानाला मॅटची सवय नव्हती, नियम नवे होते, तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी निव्वळ तयारीत घालवली. हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा सरकारी मदत अपुरी होती. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले.

२३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सुवर्ण जिंकणाऱ्या जपानच्या शोहाची इशीईशी ते झुंजले ते तोडीस तोड. परतल्यावर दीडशेच्या आसपास बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कराडहून गोळेश्वरला पोचायला एरवी थोडाच वेळ लागतो, त्या दिवशी मिरवणुकीला कित्येक तास लागले. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने लढवली आणि त्या पैशातून प्राचार्यांचे देणे फेडले.

यानंतर वैयक्तिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ मध्ये आले. खाशाबांना मात्र या देशाने त्यांच्या हयातीत फारसे काही दिले नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. पद्म पुरस्कार न मिळालेला ऑलिंपिक पदकविजेता, अशी त्यांची ओळख सांगताना मराठी माणसाला आजही वेदना होते आणि ती व्हायलाच हवी.

खाशाबांच्या मागोमाग मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे मारुती माने आले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. दोन्ही शैलींत पदके मिळवणारा हा पैलवानही गावच्या तालमीचाच.

सांगलीचे रंगमंच आणि मैदान

सांगली शहराची तऱ्हा वेगळी होती. तिथले संस्थानिक पटवर्धन यांच्या आश्रयाखाली विष्णुदास भावे यांनी १८४३ साली तिथे 'सीतास्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली. १८७२ साली सांगलीतच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर जन्मले. टिळकांचे सहकारी, 'केसरी'चे संपादक आणि नाटककार. त्यांच्या 'कीचकवध'मध्ये प्रेक्षकांनी कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झनला पाहिले. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. मत्स्यदेशात बल्लव होऊन राहिलेला मल्ल भीम अत्याचारी सत्ताधीशाला मारतो, ही महाभारतातली कथा इंग्रज सरकारला असह्य झाली.

याच शहरात १९१५ साली क्रिकेटपटू विजय हजारे जन्मले. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेडच्या कसोटीत डॉन ब्रॅडमन यांच्या बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. १० फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी हेलसिंकीचे पदक आले. स्वतंत्र भारताच्या क्रीडा इतिहासातले दोन पहिले टप्पे एकाच वर्षी गाठले गेले आणि ते गाठणारे दोघेही कृष्णाकाठचे. १९३३ साली सांगलीतच जन्मलेले नंदू नाटेकर १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचे विजेतेपद जिंकणारे पहिले भारतीय ठरले. पुढे अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच मानकऱ्यांत त्यांचे नाव आले.

स्वातंत्र्यानंतर

१९४७ नंतर या भागातले भूमिगत घरी बसले नाहीत. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षाचे खासदार झाले. भूमिगत राहिलेले यशवंतराव चव्हाण १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्राने त्यांनी साहित्यातही स्थान मिळवले. वसंतदादांनी सहकार उभा केला आणि तेही मुख्यमंत्री झाले. नागनाथअण्णांनी वाळव्याच्या साखर कारखान्याला आपला हुतात्मा सहकारी किसन अहिर याचे नाव दिले आणि उतारवयात आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ चालवली. चळवळीचे उद्दिष्ट बदलले, तिची माणसे आणि गावे तीच राहिली.

या भागातली खेळाची परंपराही थांबली नाही. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दाखल झाल्या. साताऱ्याची आदिती स्वामी २०२३ मध्ये सतराव्या वर्षी तिरंदाजीची जगज्जेती झाली. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीचे रौप्यपदक मिळवले. माडगूळकर आणि खरातांच्या तालुक्याची ही ताजी नोंद.

या सगळ्या नावांमागे एक समान सूत्र दिसते. यातले बहुतेक कोणी श्रीमंत घरातले नव्हते. त्यांच्यामागे मोठे सरकारी पाठबळही नव्हते. कुणाला गावाने वर्गणी दिली, कुणाला प्राचार्याने घर गहाण टाकून पैसे दिले, कुणाला अनोळखी बाईने भाकरी दिली, कुणाला तमाशाच्या मंचाने आवाज दिला. आणि ज्यांना गावाने काहीच दिले नाही, त्यांनी लेखणी उचलून गावाला जाब विचारला. कर्तृत्व व्यक्तीचे असते, पण ते उभे राहायला सार्वजनिक जागा लागते. तालीम, शाळा, वसतिगृह, ग्रंथालय, तमाशाचा मंच ही ती जागा होती.

आज या जागा ओस पडत आहेत. कितीतरी गावांत तालमीला कुलूप आहे, वाचनालयाचे कपाट उघडायला माणूस नाही. पुतळे आणि जयंत्या वाढल्या आहेत, पण पुतळ्यातून पुढचा खाशाबा घडणार नाही. म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या गावाची तालीम आणि वाचनालय चालू राहील हे पाहा. ते सर्व जातींच्या मुलामुलींना खुले राहील हेही पाहा. आणि बेचाळीसच्या दिवसांत ज्यांनी रात्री दार उघडून जेवण दिले, त्यांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून काढा. ती नावे अजून कोणत्याच रकान्यात आलेली नाहीत.